२०० चिप्सचा पोकर डबा: पत्ते, चिप्स आणि सोबतच्या तक्त्याची परीक्षा

पत्र्याचा चौकोनी डबा. आत चार रंगांच्या २०० चिप्स, पत्त्यांचे दोन कॅट, ‘डीलर’ लिहिलेलं, वाटणाऱ्याची जागा दाखवणारं एक पांढरं बटन आणि लॅमिनेशन केलेला सुरुवातीच्या हातांचा तक्ता. हजार रुपयांच्या आत मिळतो, ऑनलाइन मागवला की कुरिअरने तालुक्याला येतो, तिथून आणावा लागतो. माल बिनब्रँडचा आहे. अशाच बांधणीचे डबे निरनिराळ्या नावांनी विकले जातात, आतला ऐवज जवळपास एकच.

यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या गावांत तीन पत्ती आणि रमी कुणाला शिकवावी लागत नाही. टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार मात्र नवा आहे. फ्लॉप, म्हणजे सगळ्यांसाठी टेबलावर उघडी पडणारी पहिली तीन पानं, पडायच्या आधी, हातात फक्त दोन पानं असताना, काय ठेवायचं, काय टाकायचं आणि किती लावायचं हे समजलं की अर्धा खेळ समजला. म्हणून या डब्याची परीक्षा एकाच कसोटीवर केली आहे: एक्क्यांची जोडी, राजांची जोडी, एक्का-राजा असा भारी हात आला, तर तो नीट खेळायला हा डबा किती कामाला येतो?

आधी पत्ते. दोनपैकी एक कॅट कागदी आहे, एक प्लास्टिकचा. कागदी कॅट बाजूला ठेवा, मेंढीकोटाला चालेल. पोकरला तो चालत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तीन पत्तीत पानं हातात उचलून पंख्यासारखी धरतात. होल्डेममध्ये पानं सतरंजीवरच ठेवायची, वरून एका तळहाताचा आडोसा करायचा आणि अंगठ्याने कोपरा जेमतेम उचलून आकडा बघायचा. कागदी पान त्याच कोपऱ्यावर मोडतं. सत्ती-दुर्री आली की माणूस एकदा बघतो आणि फेकतो. एक्का आला की तो शेवटपर्यंत हातात राहतो, दर फेरीला पुन्हा कोपरा उचलून पाहिला जातो. त्यामुळे कॅटमध्ये सगळ्यात आधी दुमडतात ते एक्के आणि राजे. महिन्या-दोन महिन्यांत समोरचा माणूस पाठीमागची घडी बघून ओळखतो की तुमच्यापुढे एक्का पडला आहे. मग तक्ता कितीही पाठ करा, उपयोग नाही.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारचा डाव कूलरसमोरच बसतो. कूलरची ओली हवा कागद पितो, पानं फुगतात, एकाला एक चिकटतात. चिकटलेली पानं पिसली तरी चार-पाचच्या गठ्ठ्याने सरकतात, आणि मागच्या डावात टेबलावर पडलेली पानं पुढच्या डावात पुन्हा शेजारी शेजारी येतात. प्लास्टिकच्या पानांना हा त्रास नाही. ओल्या फडक्याने पुसली की घाम, चहा, तंबाखूचा डाग सगळं निघतं. फक्त उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. तापली की वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. कूलरच्या थेट झोतात बसायचं असेल तर ही पानं गुळगुळीत असल्याने उडतातही, तेव्हा आपल्या पानांवर एक चिप ठेवायची सवय लावा. ती सवय तशीही चांगली. वाटणाऱ्याने चुकून तुमची पानं फेकलेल्या पानांत ओढून घेण्याचा धोका टळतो.

पिसण्याबद्दल एवढंच: कॅटचे दोन भाग करून, अंगठ्यांनी पानं एकमेकांत सोडत पिसायचं आणि ते सात वेळा करायचं. ५२ पानं नीट मिसळायला साधारण तेवढ्या वेळा लागतात. हातातल्या हातात वरखाली पिसण्याची आपली पद्धत त्या मानाने फार कमजोर आहे. आणि जोकर काढून टाका. रमीची सवय असलेल्या घरी जोकर कॅटमध्येच राहतात आणि दोन डाव झाल्यावर कुणाच्या तरी हातात निघतात.

चिप्स हलक्या आहेत, साध्या प्लास्टिकच्या. एकावर एक वीस रचल्या की मनोरा कलतो. ते चालवून घेता येईल. खरी अडचण संख्येची आहे. प्रत्येक रंगाच्या ५० चिप्स. पांढरी १ ची, लाल ५ ची, हिरवी २५ ची, काळी १०० ची धरा. ब्लाइंड म्हणजे दर डावाला दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम; छोटा ब्लाइंड १ आणि मोठा २ ठेवला, तर प्रत्येकाजवळ मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट, म्हणजे २०० असावेत. पाच जणांना १० पांढऱ्या, ८ लाल आणि ६ हिरव्या दिल्या की बरोबर २०० होतात, आणि पांढऱ्या तिथेच संपतात. सहा जणांना ८ पांढऱ्या, ८ लाल, ६ हिरव्या दिल्या की १९८ होतात, तेही ठीक. पण पोळ्याला किंवा लग्नघरी नऊ जण बसले की माणशी पाच-पाचच्या वर पांढऱ्या देता येत नाहीत, आणि सुट्ट्यांचा दुष्काळ पडतो. याचा थेट परिणाम भारी हातावर होतो: १४ लावायचे तर २ लाल आणि ४ पांढऱ्या लागतात, सुट्टे नसले की माणूस नुसती लाल चिप टाकून ५ लावतो, किंवा एकदम हिरवी टाकून २५. बरोबर रक्कम कुणीच लावत नाही. उपाय सोपा आहे, एकच्या जागी चिंचोके घ्या. प्रत्येकाला १५ मोजून द्या आणि डाव संपल्यावर मोजून परत घ्या, कारण चिंचोके अंगणातही मिळतात.

बटन पांढरं आहे आणि जवळपास १ च्या चिपएवढंच. ते चिप्समध्ये मिसळतं, दर डावाला डावीकडे सरकवायचं राहून जातं आणि दोन-तीन डावांनी भांडण लागतं की ब्लाइंड कुणाचा. त्याऐवजी बाटलीचं लाल झाकण वापरा. फ्लॉपआधीच्या खेळात बटन कुठे आहे यावरच निम्मा निर्णय असतो, त्यामुळे ही बारीक गोष्ट नाही. बटनाच्या डावीकडचा छोटा ब्लाइंड देतो, त्याच्या पुढचा मोठा. फ्लॉपआधी बोलायला सुरुवात मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडून होते आणि मोठा ब्लाइंड सगळ्यात शेवटी बोलतो. फ्लॉपनंतर मात्र छोट्या ब्लाइंडपासून सुरुवात आणि बटन शेवटी. दोघंच उरले तर बटनवालाच छोटा ब्लाइंड देतो. डब्यातल्या कागदावर हे शेवटचं लिहिलेलंच नाही.

आता तक्ता. घेण्यासारखी खरी गोष्ट हीच, आणि अपुरीही हीच.

१३ गुणिले १३, असे १६९ चौकोन. तिरप्या रेषेवर १३ जोड्या. रेषेच्या वर एकाच चिन्हाची दोन पानं, तीन पत्तीवाले ज्याला कलर म्हणतील ते. रेषेखाली वेगवेगळ्या चिन्हांची. अक्षरं इंग्रजी आहेत. ए, के, क्यू, जे लोकांना पत्त्यांवरून माहीत असतात, पण दहासाठी ‘टी’ लिहिलं आहे आणि तिथे बहुतेक जण अडतात. पक्क्या शाईच्या पेनने त्यावर १० लिहून टाका. गडद हिरवा म्हणजे कुठूनही खेळा, फिका हिरवा म्हणजे मधल्या जागेवरून, पिवळा म्हणजे बटनावर किंवा त्याच्या शेजारी असाल तरच, पांढरा म्हणजे टाका.

रंग योग्य लावले आहेत. गडद हिरव्यात सत्तीच्या जोडीपासून एक्क्यांच्या जोडीपर्यंत आठ जोड्या, कलरचे एक्का-गुलाम, एक्का-राणी, एक्का-राजा, कलरचे राजा-राणी आणि वेगळ्या चिन्हांचे एक्का-राणी, एक्का-राजा. नऊ जणांच्या टेबलावर सगळ्यात आधी बोलणाऱ्याने एवढंच खेळावं, याच्याशी जाणकार सहमत होतील. पण चौकोन सगळे सारखे छापल्यामुळे एक गैरसमज होतो. कोणतीही जोडी सहा प्रकारे येते, कलरचा हात चार प्रकारे, वेगळ्या चिन्हांचा बारा प्रकारे. दोन पानांचे एकूण प्रकार १,३२६. त्यातले गडद हिरवे ८८. म्हणजे शंभर वाटण्यांत सहा-सात. तक्त्यावर हिरवा पट्टा ऐसपैस दिसतो, प्रत्यक्षात त्या जागेवरून शंभरातले त्र्याण्णव हात टाकायचे असतात. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ वाटण्यांत एकदा येते. घरच्या डावात तासाला २०-२५ वाटण्या होतात, तर हिशेब आपला आपण करा. एक्के, राजे, राण्या यांच्या जोड्या आणि एक्का-राजा हे सगळं धरूनही सुमारे ३९ वाटण्यांत एकदा. इतक्या दिवसांनी येणारा पाहुणा, त्याचं आदरातिथ्य नीट व्हायला हवं.

आणि इथेच तक्ता गप्प बसतो. कोणता हात खेळायचा ते सांगतो, किती लावायचे ते कुठेच सांगत नाही.

हा तक्ता जिथे दोघं-तिघंच फ्लॉप बघतात अशा टेबलासाठी बनवलेला दिसतो. आपल्याकडे टेबल वेगळं असतं. तीन पत्तीची सवय अशी की चाल स्वस्त असली तर सगळेच बसतात. दोन चिप्स टाकून सहा जण फ्लॉप बघायला तयार. एक्क्यांची जोडी कोणत्याही दोन पानांच्या एका हाताविरुद्ध सरासरी शंभरात ८५ वेळा जिंकते. दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४, चौघांविरुद्ध ५६. पाच जण सोबत आले की ४९. आठही जण आले तर जेमतेम ३५. हात तोच, पानं तीच. गर्दी वाढली की किंमत उतरते. म्हणजे फ्लॉपआधी जास्त लावण्याचं काम दुहेरी आहे: गर्दी कमी करायची, आणि जो राहील त्याच्याकडून आत्ताच घ्यायचं, कारण आत्ता तुम्ही पुढे आहात.

एक उदाहरण नीट बघा. ब्लाइंड १ आणि २. तिघांनी नुसते २-२ टाकले. तुम्ही बटनावर, हातात राजांची जोडी. मध्ये ९ जमले आहेत. तीन पत्तीच्या सवयीने दुप्पट केले, ४ लावले. आता मोठ्या ब्लाइंडला फक्त २ टाकून १३ साठी खेळायला मिळतंय. तो काहीही घेऊन येईल, आणि त्याचं ते चूकही नाही. त्याच्या मागे बाकीचे येतील. छोटाही आला तर सहा जण, २४ चा डाव, आणि पाच हातांविरुद्ध तुमचे राजे शंभरात ४३ च्या आसपास. आता त्याच जागी १४ लावा: मोठ्या ब्लाइंडचे चौपट ८, आणि आधी आलेल्या प्रत्येकामागे २. आता मोठ्या ब्लाइंडला २३ साठी १२ टाकायचे आहेत. नव्वी-छक्की घेऊन तो येणार नाही, आणि आला तर तोट्यात येईल. समजा एकच जण आला. डाव ३५ चा झाला, तुमच्यासमोर एकच हात, आणि फ्लॉपनंतर तुम्ही शेवटी बोलणार.

तेव्हा तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहून ठेवा: कुणी आत आलं नसेल तर मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट; आलं असेल तर प्रत्येकामागे एक मोठा ब्लाइंड वाढवा; टेबल सैल असेल, म्हणजे तिप्पटीलाही चार जण येत असतील, तर तिप्पटीऐवजी चौपट-पाचपट. आधीच कुणी वाढवलं असेल तर त्याच्या तिप्पट, आणि तुम्ही ब्लाइंडमध्ये असाल तर चौपट, कारण पुढे सगळा डाव तुम्हाला आधी बोलावं लागणार. त्याने ८ केले तर तुम्ही २४, ब्लाइंडमधून ३२. आणि रक्कम हात बघून बदलू नका. एक्क्यांना १६ आणि दश्शीच्या जोडीला ८ लावणाऱ्याचा हात सगळं गाव तासाभरात वाचायला लागतं.

तीन पत्तीवाल्यांची आणखी एक खोड म्हणजे भारी हात दाबून ठेवणं. ट्रेल, म्हणजे एकसारखी तीन पानं, आली की गप्प राहून छोटी चाल द्यायची. तीन पत्तीत ते शोभतं, कारण तिथे पुढे नवं पान येत नाही. ट्रेल ती ट्रेलच राहते. होल्डेममध्ये दोन पानांनंतर अजून पाच यायची असतात. दाबून ठेवलेल्या एक्क्यांना फुकटात आलेली पंजी-छक्की दोन जोड्या करून मारते, आणि मग नशिबाला दोष दिला जातो. ‘ब्लाइंड’ या शब्दानेही घोटाळा होतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे न बघता खेळणं, अर्ध्या भावात. इथे ब्लाइंड ही सक्तीची भरणी आहे; पानं सगळ्यांनी बघायची असतात. शिकवताना हे पहिल्याच मिनिटाला सांगा.

एक्का-राजाला तक्त्याने एक्क्यांच्या जोडीइतकाच गडद रंग दिला आहे. खेळायचा की नाही यापुरतं ते बरोबर, पण हा हात अजून झालेला नाही, व्हायचा आहे. फ्लॉपवर एक्का किंवा राजा येण्याची शक्यता तीनात एक. राण्यांच्या जोडीसमोर तो शंभरात ४३ ते ४६, म्हणजे थोडा मागेच. एक्का-राणीसमोर मात्र ७० च्या वर. त्याचा खरा जोर वाढवण्यात आहे. तुमच्याकडे एक एक्का असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार सहावरून तीनवर येतात, राजांचेही तसेच. म्हणून तो नुसता ‘बघण्यापेक्षा’, म्हणजे आहे तेवढेच टाकण्यापेक्षा, वाढवून खेळावा, आणि फ्लॉप कोरडा गेला व दोघं-तिघं चिकटून राहिले तर सोडावा.

गुलामांच्या जोडीला लोक घाबरतात, आणि त्यामुळेच फ्लॉपआधी ती नुसती बघून ठेवतात. आकडे बघा: गुलाम हातात असताना फ्लॉपवर त्याहून मोठं किमान एक पान ५७ टक्के वेळा येतं. राण्यांना ४१, राजांना २३. म्हणजे गुलामांना फ्लॉपआधीच वाढवून खेळण्याची गरज राजांहून अधिक आहे. बघून ठेवले तर पाच जणांत कुणाकडे तरी ते मोठं पान जुळण्याची भीती मोठी. उलट राजांची जोडी हातात असूनही घाबरणारे ‘समोर एक्के असले तर?’ म्हणतात. नऊ जणांत तसं साधारण २५ वेळांतून एकदा होतं. त्या एकासाठी चोवीस वेळा दबून खेळायचं कारण नाही.

छोट्या जोड्या, दुर्रीपासून छक्कीपर्यंत, पिवळ्यात टाकल्या आहेत ते योग्य. तिसरं पान फ्लॉपवर साडेआठ वेळांत एकदा जुळतं. त्यामुळे तुम्ही जेवढे टाकता त्याच्या किमान पंधरा-वीसपट समोरच्याजवळ शिल्लक असतील तरच आत जा. आणि कलरचा मोह आवरा. पिवळ्या चौकोनांत कलरचे हात भरपूर असल्याने नवखे कोणतीही दोन बदाम पानं घेऊन येतात. टेबलावरची पाचही पानं बघितली तरी पुरा कलर, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं, होतो शंभरात सहा-सात वेळा. एकाच चिन्हाची असल्याने हाताची किंमत दोन-तीन टक्क्यांनी वाढते, एवढंच.

कायद्याचं एका ओळीत: महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली आहे. चिप्स चिप्सच राहू द्या. पोळ्याच्या दिवसांत पैशाच्या डावावर धाडी पडतात हे गावात कुणाला सांगायला नको. बिनपैशाच्या डावात लोक काहीही घेऊन आत येतात ही तक्रार खरी आहे. त्यावर इलाज म्हणजे चिप्स संपल्या की पुन्हा द्यायच्या नाहीत. जो संपला तो चहा करायला उठेल. एवढ्यानेही लोक सत्ती-दुर्री टाकायला शिकतात.

घ्यावा का? घ्या. प्लास्टिकचा कॅट आणि तक्ता एवढ्यावरच पैसे वसूल आहेत. आठ-नऊ जण नेहमी बसत असाल तर ३०० चिप्सचा घ्या, किंवा चिंचोके आहेतच. तक्त्याचं लॅमिनेशन कडेने सुटतं, घामाचा हात लागला की आत ओल जाते. आल्याबरोबर चारही कडांना चिकटपट्टी लावा. आणि डबा उघडल्यावर पहिलं काम, दोन्ही कॅट चिन्हानुसार मांडून मोजा, प्रत्येकी तेरा. अशा स्वस्त डब्यांत एखादं पान कमी निघतं किंवा दोनदा येतं. चौकटचा एक राजा जरी कमी असला, तर राजांची जोडी सहाऐवजी तीनच प्रकारे येते, एक्का-राजा सोळाऐवजी बाराच, आणि तक्त्यावरचा कोणताही हिशेब त्या कॅटला लागू पडत नाही.